मिठाबद्दल बोलायचं नाही

इंग्लंडहून परत आल्यापासून सांगलीत भेटणारा प्रत्येक जण मला एकच विचारतो, "राजवाडा पाहिलास?" नाही पाहिला. "ते मोठं घड्याळ?" लांबून, बसच्या काचेतून, आणि तेव्हाही पुढे एक उंच माणूस उभा होता. मग तीन आठवडे ही बाई तिकडे करत तरी काय होती, असा समोरच्याचा चेहरा होतो. तिथे मी जरा थांबते. तीस वर्षं हौशी रंगभूमीवर काढली आहेत, आणि आवाज भरदार असल्यामुळे त्यातली वीस राजांच्या भूमिकेत. कुठे थांबायचं ते मला कळतं. थांबते आणि सांगते, "मी एका पळीचा फोटो पाहून आले." मग लोक खुर्ची ओढून बसतात.

तुम्हीही बसा.

लीड्स, मंगळवार

विनायककाका हे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वय चौऱ्याऐंशी, कणा ताठ, कान गरजेपुरते. तरुणपणी एडिनबराला डॉक्टरकी शिकायला गेले, मग लीड्सच्या हॉस्पिटलात नोकरीला लागले आणि तिथेच राहिले. सुमनकाकू लग्न होऊन आल्या त्या आठवड्यात बर्फ पडत होता, ते त्यांनी काकांना अजून माफ केलेलं नाही. मुलगा आणि सून केंब्रिजला असतात. नात तारा सव्वीस वर्षांची, फिजिओथेरपिस्ट. नोकरी लीड्सची म्हणून आजीआजोबांकडे राहते.

काकांच्या बैठकीत भिंतीवर दोनच गोष्टी आहेत. एक डिग्री आणि दुसरा मराठी मंडळाच्या स्थापनेचा फोटो. हे मंडळ आधी शेजारच्या शहरातल्या मोठ्या मंडळाची शाखा होतं. एका गणपतीत उकडीचे मोदक कोणी करायचे यावरून बोलाचाली झाली आणि लीड्सकरांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. काका त्या स्वतंत्र मंडळाचे पहिले अध्यक्ष. बावीस वर्षं झाली; दुसरे अध्यक्ष अजून व्हायचे आहेत. मंडळाच्या जेवणात काकांनी पातेल्यातली आमटी हातावर घेऊन चाखल्याशिवाय आणि "मीठ जरा..." असं म्हटल्याशिवाय पंगत बसत नाही. वाक्य ते कधीच पूर्ण करत नाहीत. बिचारे स्वयंपाकी अंदाजानं घाबरतात.

मी पोचले त्याच दिवशी तारा फोन नाचवत जिन्यावरून धडाधड खाली आली.

"आजोबा! तुमचा सरपंचचा घराला प्लाक लागणार! एडिनबरामध्ये! फ्रायडेला!"

थोर माणूस राहून गेलेल्या घरावर तिकडे पाटी लावतात, तो प्लाक. काकांनी चहाचा कप खाली ठेवला. काकूंनी गॅस बंद केला. मीही सरळ बसले, कारण सरपंचाच्या गोष्टीवर आम्ही सगळी भावंडं लहानाची मोठी झालो आहोत.

गोष्ट अशी. एडिनबराला काका आणखी तिघांबरोबर एका फ्लॅटमध्ये राहायचे. एक वेल्सचा मुलगा, एक ग्लासगोचा, आणि एक कायदा शिकायला आलेला बेटांवरचा उंच, सावळा मुलगा. आंघोळीचा नंबर, बाथरूममधल्या मोज्यांची मालकी, खिडकी उघडी की बंद, सगळ्या भांडणांचा निवाडा हा बेटवाला करायचा. म्हणून काकांनी त्याचं नाव ठेवलं सरपंच. शिक्षण संपवून तो परत गेला, पुढे त्याचा देश स्वतंत्र झाला, आणि आमचे सरपंच त्या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. पेपरात फोटो आला तेव्हा काका तो वॉर्डभर दाखवत फिरले म्हणे, "ह्याचा भात नेहमी खाली लागायचा!"

देशाचं नाव मी लिहीत नाही. नकाशात तो अनारशावरच्या खसखशीएवढा आहे, या गोष्टीतली काही माणसं तिथे अजून निवडणुका लढवतात, आणि मला एकदा तिकडे जायचं आहे. व्हिसा नाकारायला निमित्त नको.

गोष्टीतला आमचा आवडता भाग स्वयंपाकघराचा. काकांच्या ट्रंकेत आजीनं दिलेली पितळी पळी होती. सरपंचानं कागदावर नियम लिहून दारावर लावला होता: प्रत्येकानं एक आठवडा रांधायचं, रविवारचं जेवण झालं की पळी पुढच्याच्या हातात द्यायची. आणि दुसरं कलम: ज्यानं पळी सोडली त्यानं पुढचा आठवडा मिठाबद्दल बोलायचं नाही. कमी असो, जास्त असो, गप्प जेवायचं.

"हा नियम मी आणि सरपंचानं मिळून केला," असं काका नेहमी सांगायचे. आमचे वडील म्हणायचे, "विन्या लहानपणापासून फेकतो." सांगलीत कोणाचाच विश्वास नव्हता. एखाद्या देशाचा राष्ट्राध्यक्ष आमच्या काकांबरोबर भांडी घासतो म्हणजे काय!

"त्याची मुलगी येणार अनव्हील करायला," तारा वाचत होती. "आणि लिहिलाय, एव्हरीवन वेलकम."

"एव्हरीवन म्हणजे कोणीही," काका म्हणाले. "मी कोणीही नाही." आणि उठून बागेत गेले. बाहेर पाऊस होता.

खरं काय ते मला काकूंनी कणीक मळता मळता सांगितलं. दोघे वर्षानुवर्षं पत्रं लिहायचे; नाताळात एक, दिवाळीत एक. तिथल्या कायद्यानं राष्ट्राध्यक्षाला दोनच मुदती. दुसरी संपत आली तशी पक्षातली माणसं म्हणायला लागली, साहेब, तुमच्याशिवाय कोण आहे? साहेबांनाही तसंच वाटायला लागलं. एका संपादकानं त्याविरुद्ध लिहिलं, तर त्याला तुरुंगात टाकलं. काकांनी ते पेपरात वाचलं आणि पत्र पाठवलं.

"दोन ओळी!" काकू म्हणाल्या. "'सरपंच, रविवार झाला. पळी दे.' मी म्हटलं, अहो, निदान तब्येत तरी विचारा! नाही. तसंच पोस्टात टाकलं."

"मग?"

"मग काही नाही. उत्तर नाही, नाताळचं कार्डही नाही. पुढे तो पायउतार झाला, मग काही वर्षांनी गेला. ह्यांना वाटतं, आपण त्याला दुखावलं आणि शेवटचं बोलणं भांडणाचं झालं. आता त्या पोरीनं विचारलं, तुम्ही कोण, तर काय सांगायचं ह्यांनी? म्हणून बागेत जाऊन भिजतायत."

काकूंनी कणकेला एक शेवटचा ठोसा दिला. "पण मी जाणार. पोर बापाच्या घरी येतेय. माहेरच की ते तिचं. तिची ओटी कोण भरणार? एडिनबराचा महापौर?"

नारळ घेऊन काकूंना एकटं सोडणं काकांना प्रशस्त वाटलं नाही. चार तिकिटं काढली.

रेल्वेत, गुरुवार

प्रवासाचं काही सांगत नाही, एवढं सोडून की ताराच्या हातून आमची जागा 'शांत डब्या'त आरक्षित झाली. या देशात असा डबा असतो. त्यात फोन नाही, गप्पा नाहीत, खोकलासुद्धा रुमालात. त्या डब्यात आम्ही चौघं मराठी, तिखटमिठाच्या पुऱ्यांच्या डब्यासह. स्टीलच्या डब्याचं झाकण उघडताना जो आवाज होतो तो तुम्हाला माहीत आहे. समोरच्या बाईंनी पुस्तकावरून डोळे वर केले. काकूंनी न बोलता पुरी पुढे केली. बाईंनी न बोलता खाल्ली. मग न बोलता दुसरीसाठी हात पुढे केला. पुढे उजव्या हाताला समुद्र लागला, कड्याला खेटून, उन्हात चमचमणारा, आणि मी "अगं बाई!" असं राजाच्या आवाजात ओरडले. तेवढा एकच गुन्हा.

काका समुद्राकडे पाहत नव्हते. ते ओठांतल्या ओठांत काहीतरी पाठ करत होते. मी कान दिला. "आय वॉज अ फ्रेंड ऑफ युवर फादर," असं ते वेगवेगळ्या सुरांत म्हणून पाहत होते.

एडिनबरा, शुक्रवार

आमच्या मुक्कामाच्या मालकीणबाई सकाळी ओटची लापशी घेऊन आल्या. आपल्याकडे तापातून उठलेल्याला देतात तशी, पण इथे धडधाकट माणसं खातात. बाईंनी विचारलं, साखर की मीठ?

"मीठ," काका म्हणाले.

बाईंचा चेहरा उजळला. शेवटी एक सुसंस्कृत माणूस आला, असं काहीसं त्या म्हणाल्या. काकांनी एक चमचा तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाले, "मीठ जरा..."

"अहो!" काकूंनी टेबलाखालून पाय मारला. तो मला लागला.

शहर सुंदर आहे. सगळा काळपट दगड, वर किल्ला, मागे झोपलेल्या हत्तीसारखा डोंगर, आणि वारा असा की माझी ओढणी दोनदा परक्या माणसांच्या गळ्यात पडली. दोघांनीही सॉरी म्हटलं. ओढणी माझी, वारा त्यांचा, आणि सॉरी मात्र तेच म्हणाले. आपल्याकडे अशा वेळी निदान पाच जण जमून वाऱ्याची चूक की ओढणीची, ते ठरवतील.

मोठं हिरवं मैदान ओलांडून आम्ही चौमजली दगडी इमारतींच्या वस्तीत शिरलो. काकांची पावलं भरभर पडायला लागली. एका दारापाशी ते थांबले आणि त्यांनी भिंतीवर हात ठेवला.

"हीच," ते म्हणाले. "ती तिसऱ्या मजल्यावरची खिडकी. तिथे बसून तो हातमोजे घालून अभ्यास करायचा. पान उलटायला एक बोट कापून ठेवलं होतं मोज्याचं." आणि त्यांचा आवाज फुटला.

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मी तर दोनदा रडले, एकदा मनापासून आणि एकदा तारा फोटो काढत होती म्हणून. काका भिंतीशी बोलत होते. "सरपंच, आलो रे."

तेवढ्यात दार उघडलं. चट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यातले एक गृहस्थ कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आले. आमच्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि अतिशय अदबीनं म्हणाले की झेंडे घेऊन आलेली मंडळी शोधत असाल, तर ती पुढच्या गल्लीत आहेत.

काकांनी भिंतीवरचा हात काढला.

"सगळी घरं सारखीच बांधलीयत मूर्खांनी," ते म्हणाले.

"आजोबा, इट्स ओके," तारा म्हणाली. "तुमचा रडणं खरा होता."

पुढच्या गल्लीत तीसेक माणसं होती. गळ्यात सोन्याची साखळी घातलेल्या कौन्सिलच्या बाई, त्या बेटांच्या वकिलातीचा काळ्या सुटातला एक तरुण अधिकारी, आणि मधोमध पिवळ्याधमक पोशाखावर करडा कोट घातलेली साठीची एक ठेंगणी बाई. पुढच्या दोन दातांत फट होती. हीच सरपंचाची मुलगी, ग्रेस. काका एका उभ्या गाडीच्या मागे गेले आणि तिथेच राहिले.

भाषणं झाली. वडिलांनी गव्हर्नरचा बंगला घेतला नाही, तिथे बाळंतपणाचं इस्पितळ काढलं. नोटांवर आपला चेहरा छापू दिला नाही, मासे छापायला लावले. दर गुरुवारी कोणीही येऊन त्यांना काहीही बोलू शकायचं आणि लोक बोलायचेही. ग्रेसबाई हे सगळं हसत हसत सांगत होत्या. मग त्यांनी दोरी ओढली.

पाटीवरचा जांभळा मखमली पडदा हलला नाही. पुन्हा ओढली. वाऱ्यानं पडदा उलटा उडाला आणि वरच्या दांडीला गुरफटला, पाटी निम्मी झाकलेलीच. वकिलातीचा अधिकारी धावला. दोरी त्याच्या हातात आली. कौन्सिलच्या बाई आभाळाकडे पाहायला लागल्या.

आता मला सांगा, अडकलेला पडदा समोर असताना मी गप्प कशी राहणार? गडहिंग्लजला एका प्रयोगात तीन तास अर्ध्या पडद्यावर राज्य केलं आहे मी. काकूंची छत्री घेतली, "बाजूला व्हा!" असं शुद्ध मराठीत गरजले, छत्रीच्या मुठीनं दांडी उचलली, एक झटका दिला आणि पडदा खाली उतरवला. टाळ्या पडल्या. सवयीनं मी वाकून नमस्कार केला.

"आपण कोण?" ग्रेसबाईंनी हसू दाबत इंग्रजीत विचारलं.

"मॅडम, आय ॲम फ्रॉम सांगली," मी म्हटलं. यानं सगळा खुलासा होतो असं मला त्या क्षणी वाटलं. मग गाडीकडे बोट दाखवलं. "आणि ते, त्या गाडीमागे उभे आहेत ते, इथल्या स्वयंपाकघरातले आहेत."

सगळ्या माना वळल्या. काका पुढे आले. रेल्वेत पाठ केलेलं वाक्य त्यांना एकदाही आठवलं नाही. ते नुसतं म्हणाले, "विनायक."

ग्रेसबाईंनी हात तोंडावर नेला.

"विन?"

"हो. मला इथे विन म्हणायचे."

"पळीवाला विन?"

काकांची छाती फुगली. मागे सांगलीपर्यंत दिसेल इतकी फुगली. आणि मग ग्रेसबाई हसायला लागल्या. गुडघ्यांवर हात टेकून, दातांची फट दिसेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वकिलातीच्या अधिकाऱ्यानं हातातली दोरी टाकली. "विन? *तो* विन?" तो म्हणाला. "हा खरंच होता?"

त्या बेटांवर, त्यानं आम्हाला सांगितलं, शाळेत झोपाळ्यावरून एखादं पोर उतरत नसलं की बाकीची पोरं भोवती उभी राहून ओरडतात, "विन! विन! विन!" तोही ओरडलाय. त्याची मुलगीही ओरडते.

"का?" काकांनी विचारलं. त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता.

फ्लॅटमध्ये आता विद्यार्थी राहतात. त्यांनी आम्हाला वर बोलावलं आणि चहा दिला. स्वयंपाकघर चिंचोळं, खिडकीतून तो हत्तीसारखा डोंगर दिसतो. फ्रिजवर साफसफाईच्या पाळ्यांचा कागद होता आणि सिंककडे पाहता तो कोणी वाचलेला नव्हता. काका खिडकीपाशी उभे राहिले, ग्रेसबाई टेबलाशी बसल्या आणि गोष्टीतला जो भाग काकांनी आम्हाला चाळीस वर्षं सांगितला नव्हता तो त्यांनी सांगितला.

नियम दोघांनी मिळून केला नव्हता. नियम काकांच्या विरुद्ध झाला होता. घरात आल्या आल्या काकांनी पळी हातात घेतली, कारण दुसऱ्या कोणी पातेल्यात काय शिजवलं तर, ही धास्ती. सांगलीहून नुकताच आलेला मुलगा तो, दुसरं काय करणार? पहिला आठवडा सगळे खूश. दुसराही बरा. पाच आठवडे त्यांनी कोणाला चुलीपाशी येऊ दिलं नाही. पाचव्या आठवड्यात वेल्सचा मुलगा एका सॉसेजसाठी रडला. तेव्हा सरपंचानं कागद घेतला आणि नियम लिहिला.

"पिठलं उत्तम व्हायचं, असं वडील कबूल करायचे," ग्रेसबाई म्हणाल्या. "पण ते म्हणायचे, पाच आठवड्यांत आम्ही तिघं रांधायचं विसरलो आणि विन ऐकायचं विसरला."

काकू माझ्याकडे पाहत नव्हत्या. मी काकूंकडे पाहत नव्हते. पाहिलं असतं तर दोघींचा निकाल लागला असता.

"आणि माझं पत्र?" काकांनी खिडकीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

ग्रेसबाईंचं हसू थांबलं. "तुमचं पत्र आलं तेव्हा ते आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत. मी तिथेच होते. तुम्हाला वाटेल ते संत होते, बाहेर भाषणात मीही तसंच म्हटलं. पण त्या संपादकांना त्यांनी अकरा महिने आत ठेवलं. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. ती आजही माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे." मग त्यांनी चहाचा घोट घेतला. "पत्रानंतर त्यांनी संपादकांना सोडलं आणि पायउतार होतो असं जाहीर केलं. निरोपाच्या भाषणात तुमची गोष्ट सांगितली. म्हणाले, 'ज्याच्या हातून पळी काढून घ्यायला आम्हाला कायदा लिहावा लागला, तो माणूस आज मला लिहितो की पळी दे. विनसुद्धा असं म्हणत असेल, तर खरंच फार उशीर झाला आहे.'"

तारानं माझा हात धरला होता.

"मग त्यानं मला एक ओळ का लिहिली नाही?"

"मीही विचारलं होतं. म्हणाले, नव्या माणसाचं सगळं आळणी आहे, हे एकाच माणसापाशी बोलावंसं वाटतं, आणि तो विन. त्याला पत्र लिहायला बसलो तर मिठाबद्दल लिहिल्याशिवाय राहवणार नाही. म्हणून लिहीत नाही."

काकांनी खिडकीच्या काचेवर बोट टेकवलं. मग मराठीत, त्या काचेला म्हणाले, "नियम आठवडाभराचा होता रे गाढवा. जन्मभराचा नव्हता."

ग्रेसबाईंना भाषांतर लागलं नाही. त्यांनी फोनमधला एक फोटो शोधून काकांपुढे धरला. काचेच्या पेटीत आजीची पितळी पळी, खाली ओळ: 'भारतातील मित्राची भेट.'

"भेट?" काका उसळले. "मी कधी दिली? मी निघालो तेव्हा त्याचा आठवडा चालू होता, म्हणून त्याच्याकडे राहिली!"

ती पेटी आता शपथविधीच्या दिवशीच उघडते. मावळता राष्ट्राध्यक्ष त्या पळीनं नव्याला माशांचं सूप वाढतो, पळी त्याच्या हातात देतो, मग खाली बसून नव्यानं वाढलेलं जेवतो. आणि मिठाबद्दल बोलत नाही. देशभर लोक टीव्हीवर त्याच्या तोंडाकडे बघत बसलेले असतात.

"माझ्या आईच्या पळीनं... मासे?" काका म्हणाले.

"आता ती राष्ट्राची आहे," काकू म्हणाल्या. "गप्प बसा आणि बाजूला व्हा."

मग त्यांनी ग्रेसबाईंना खुर्चीवर नीट बसवलं, कुंकू लावलं, आणि हे तुझ्या बापाचं घर, तू माहेरी आलीस, रिकामी जायचं नाही, हे आपल्या इंग्रजीत इतकं स्पष्ट सांगितलं की ग्रेसबाईंनी आपण होऊन कोटाचा घेर पसरला. तांदूळ पडले, खण पडला. नारळ मात्र वकिलातीच्या अधिकाऱ्यानं मध्येच उचलला, कानाशी धरून हलवला आणि खेदानं म्हणाला, "मॅडम, जुना आहे."

नारळाच्या देशातल्या माणसाला आम्ही लीड्सच्या दुकानातला नारळ दाखवत होतो! पण ग्रेसबाईंनी तो ओटीत ओढून घेतला, आणि त्याच वेळी त्या पहिल्यांदा रडल्या.

परतीच्या गाडीत काकांनी निम्म्या वाटेपर्यंत बोटांवर काहीतरी मोजलं. मग ताराला विचारलं, "आपल्या मंडळात कामाचं असं दुसरं कोण आहे गं?"

काकू खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्यांचे खांदे हलत होते.

लीड्स, रविवार

चर्चच्या हॉलमध्ये मंडळाची सभा होती. काकांनी घरून रोजची स्टीलची पळी कागदात गुंडाळून आणली होती. उभे राहून त्यांनी सगळी गोष्ट सांगितली. मी कान टवकारून ऐकत होते, कुठे गाळतात ते बघायला. काही गाळलं नाही. पाच आठवडे सांगितले, सॉसेज सांगितलं, झोपाळा तर करून दाखवला. वर पुढच्या रांगेतल्या पोरांना म्हणाले, "चला, ओरडा!" आणि पोरांनी हॉल डोक्यावर घेतला, "विन! विन! विन!"

मग त्यांनी स्नेहलला पुढे बोलावलं. ही फार्मासिस्ट आहे, चाळिशीच्या अलीकडची, दहा वर्षं मंडळाच्या सतरंज्या घालणारी आणि उचलणारी. आवाज चढत नाही म्हणून अध्यक्षपदासाठी तिचं नाव कोणाला सुचलंच नव्हतं. काकांनी विचारलं, कोणाची हरकत? कोणाची नव्हती. बावीस वर्षांत असा प्रश्न पहिल्यांदाच आल्यामुळे लोकांना हात कधी वर करायचा तेही ठाऊक नव्हतं. काकांनी तिला एक वाटी आमटी वाढली आणि पळी तिच्या हातात दिली.

"काका, मला जमेल का हो?" ती म्हणाली.

"मला नाही सांगता येणार," काका म्हणाले. "मला आता बोलायची बंदी आहे."

पंगत बसली. आमटी हातावर घेऊन चाखायला त्या दिवशी कोणी गेलं नव्हतं. स्नेहल वाढत वाढत काकांच्या पानापाशी आली. काकांनी भात कालवला आणि पहिला घास घेतला.

त्याच वेळी मीही घेतला.

मीठच नव्हतं. कमी नव्हे, नव्हतंच. गडबडीत घालायचं राहून गेलं होतं. हॉलभर हात थांबले आणि साठ डोकी एकाच दिशेला वळली. काकांचे कान लाल झाले, मग मान लाल झाली. एकदा ओठ उघडले, मिटले. मी रंगमंचावर मोठमोठे नट पाहिले आहेत, पण एका घासावर इतका अभिनय पाहिलेला नाही.

"काय हो?" काकूंनी गोड आवाजात विचारलं. "कशी झालीय?"

काकांनी घास गिळला, स्नेहलकडे पाहिलं आणि वाटी पुढे केली.

"गरम आहे," ते म्हणाले. "आणखी वाढ."